चार लूपवर एक टन

रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकच्या हौद्यात पांढऱ्या, फुगलेल्या, चार कोपऱ्यांना पट्ट्यांचे कान असलेल्या मोठाल्या पिशव्या तुम्ही पाहिल्या असतील. इमारतीच्या कामावर त्यांत वाळू असते, भंगारवाल्याच्या दारात पाण्याच्या चेपलेल्या बाटल्या असतात आणि गोठ्यामागे मुरघास असतो. अशा पिशवीचं नाव जंबो बॅग. कागदोपत्री तिला एफआयबीसी म्हणतात, पण हे नाव आमच्या स्टोअरमध्ये फक्त पर्चेस ऑर्डरवर दिसायचं. माथाड्यांपासून मॅनेजरपर्यंत सगळे ‘जंबो’च म्हणायचे.

माझी नोकरी तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात, स्टोअरमध्ये झाली. आत येणारा कच्चा माल आणि बाहेर जाणारी पावडर, दोन्ही माझ्या नजरेखालून जायचं. स्टोअरमध्ये बाई कशाला, असं सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटे. नंतर सवय झाली, त्यांनाही आणि मलाही. या पिशवीबद्दल मला लिहायचं ते एवढ्यासाठी की हल्ली ती कारखान्याबाहेर पडून शेतात, अंगणात, गच्चीवर पोचली आहे आणि येताना तिची माहिती मात्र मागेच राहिली आहे.

आधी ती बनते कशी ते सांगते. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे दाणे वितळवून त्याचा पातळ पडदा काढतात, तो उभा कापून अरुंद पट्ट्या करतात आणि त्या पट्ट्या गरम करून पाच-सहा पट ताणतात. सगळी करामत या ताणण्यात आहे. प्लास्टिकचे रेणू मुळात गुंतलेले असतात. ताणल्यावर ते एका दिशेला लागतात आणि पट्टी त्या दिशेने कितीतरी पट मजबूत होते. मग अशा पट्ट्या मागावर उभ्या-आडव्या विणायच्या. गोल माग असला तर कापड नळीसारखं सलग निघतं आणि पिशवीच्या अंगाला शिवण कमी लागते. जाड पट्ट्यांचे चार लूप कोपऱ्यांवर शिवतात, वर माल भरायचं तोंड, खाली माल सोडायची नळी. या तोंडाला आणि नळीला स्पाउट म्हणतात. बारीक पावडर असेल तर शिवणीत दोरा घालून भोकं बुजवतात, नाहीतर आत पॉलिथिनचं लायनर टाकतात. रिकामी पिशवी साधारण दोन किलोची. तिच्यात हजार किलो माल.

पॉलिप्रॉपिलीनचा शोध तसा अलीकडचा. इटलीचे जुलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये ते सुबक रचनेत बनवून दाखवलं आणि १९६३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सुरुवातीच्या मोठ्या पिशव्या जाड कापडावर पीव्हीसी चढवून करत; त्या महाग आणि अवजड असायच्या. विणलेलं पॉलिप्रॉपिलीन आलं आणि सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशावर आखाती देशांत बांधकामांची झुंबड उडाली, तेव्हा युरोपातून जहाजं भरभरून सिमेंट या पिशव्यांत गेलं. आज भारत या पिशव्यांच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. गुजरात, दमण-सिल्वासा, मध्य प्रदेशातलं पीथमपूर, तमिळनाडू इथले कारखाने युरोप-अमेरिकेला माल पाठवतात. खाद्यपदार्थांसाठीच्या पिशव्या तर वेगळ्या, बंद खोलीत शिवतात. प्रत्येक पिशवी उजेडाच्या टेबलावर ताणून पाहतात, आतून हवेने झटकतात, मेटल डिटेक्टरखालून काढतात. तरीही परदेशी गिऱ्हाइकाच्या तक्रारीत कापलेल्या दोऱ्याचा एखादा तुकडा निघतोच.

आमच्याकडे जंबो आल्या त्याआधी सगळा माल पोत्यांतून जायचा. वीस टनांचा ट्रक म्हणजे पन्नास किलोची चारशे पोती. माथाड्यांच्या टोळीतला एकेक जण पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढायचा, टाकायचा, उतरायचा. माझ्या लहानपणी साखरेचं पोतं शंभर किलोचं होतं. ते पाठीवर घेणारी माणसं मी पाहिली आहेत आणि चाळिशीनंतरच्या त्यांच्या पाठीही पाहिल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच सांगून ठेवलं होतं की प्रौढ पुरुषानं हातानं वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर असू नये. आपल्याकडे ते अंगवळणी पडायला फार वर्षं गेली.

जंबो आल्यावर तोच ट्रक वीस उचलींत भरू लागला. आमच्या टोळीचे मुकादम पाटण तालुक्यातले. पहिली भरलेली पिशवी त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, ही पिशवी न्हाय, ही खोलीच हाय. हिला आमी कुठनं धरायचं?” प्रश्न गमतीचा नव्हता. त्यांची मजुरी पोत्यावर ठरलेली होती आणि पोतंच नाहीसं होत होतं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला, त्यामुळे निदान बोलणी करायला मंडळ होतं, लेव्ही होती, भविष्य निर्वाह निधी होता. आमच्याकडे बरीच ताणाताण होऊन दर टनावर ठरला आणि टोळीतली माणसं लूप लावणं, फोर्कलिफ्टला इशारा देणं, स्पाउट बांधणं ही कामं करू लागली. टोळी मात्र लहान झाली. पाठीवरचं ओझं गेलं याचा मला आनंदच आहे. ज्यांच्या पाठीवरून गेलं त्यांतल्या काहींच्या हातचं कामही गेलं, हेही त्याच खात्यात मांडायला हवं.

आणखी एक हिशेब मी केला होता, तो विक्रेत्यांना आवडायचा नाही. जंबोनं प्लास्टिक वाचतं, असं ते सांगत. पन्नास किलोचं विणलेलं प्लास्टिकचं पोतं साधारण शंभर ग्रॅमचं. वीस टनांना चारशे पोती म्हणजे चाळीस किलो प्लास्टिक. दोन किलोच्या वीस जंबो, तेही चाळीस किलोच. म्हणजे प्लास्टिक तेवढंच. वाचतो तो वेळ, सांडलवंड आणि पाठ. पिशवी पुन्हा वापरली तरच प्लास्टिकचा फायदा, असं कुणीही म्हणेल आणि गोची नेमकी इथेच आहे.

प्रत्येक जंबोच्या शिवणीत एक लेबल असतं. त्यावर दोन आकडे बघायचे. पहिला एसडब्ल्यूएल, म्हणजे सुरक्षितपणे किती भार उचलायचा. समजा १००० किलो. दुसरा सुरक्षा गुणांक, म्हणजे ५:१, ६:१ किंवा ८:१. पाचास एक याचा अर्थ असा की त्या नमुन्याची पिशवी चाचणीत पाच हजार किलोला टिकली आहे. हे वाचून लोकांची छाती फुगते. पाच टनांची ताकद आहे ना, मग दीड टन भरू, दोनदा-चारदा वापरू! पण पाचास एकची पिशवी एकदाच वापरायची असते. ती एकदा भरायची, मुक्कामी रिकामी करायची, की तिचं काम संपलं. पुन्हा वापरायच्या पिशव्या ६:१ च्या, अधिक दणकट हव्या असतील तर ८:१ च्या, आणि त्यांची परीक्षा निराळी असते. एकदाच वापरायच्या पिशवीला चाचणीत दुप्पट भार घालून तीस वेळा उचलतात; पुन्हा वापरायच्या ६:१ च्या पिशवीला चौपट भार घालून सत्तर वेळा. मगच तुटेपर्यंतची ओढ. हे ठरवलं आहे आयएसओ २१८९८ या मानकानं. आता हा जास्तीचा चार-पाच पटींचा जोर कशासाठी? फोर्कलिफ्ट खड्ड्यात आदळते, क्रेन झटका देते, लूप काट्याच्या धारेवर घासतो, शिवणीला ऊन लागतं, या सगळ्यांसाठी तो राखून ठेवलेला असतो. तो आधीच खर्चून टाकला की खड्डा आल्यावर काय राहतं?

ऊन हा तर या कापडाचा खरा वैरी. पॉलिप्रॉपिलीनला पाण्याचं काही वाटत नाही, बहुतेक आम्ल-अल्कलीचंही नाही, पण सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटत जातात. म्हणून दाण्यांत स्थिरक मिसळतात. तरीही ते मिसळलेलं कापड काही महिने टिकतं, वर्षानुवर्षं नाही. आमच्या कारखान्यात एकदा गोडाऊनमध्ये जागा नाही म्हणून रिकाम्या जंबोंचे गठ्ठे आवारात उघड्यावर ठेवले गेले. मार्च गेला, एप्रिल-मे गेला. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांतल्या पिशव्या भरायला घेतल्या. दिसायला त्या नव्याच. पहिल्या काही नीट उचलल्या गेल्या. मग एकीचा लूप उचलताना तडकला. तीन लूपवर भार आला, पिशवी कलली, दुसरा लूप गेला आणि हजार किलो सोडा ॲश खाली. पिशवीखाली कुणी नव्हतं, कारण अधांतरी पिशवीखाली कुणाला जाऊ द्यायचं नाही असा मुकादमांचा दंडक होता आणि तो ते शिव्या देऊन पाळायला लावत. मी त्या तुटलेल्या लूपवर नख ओढून पाहिलं, तर पांढरी भुकटी निघाली. उन्हानं मेलेल्या कापडाची हीच खूण. त्यानंतर गठ्ठ्यांना छप्पर मिळालं. वरच्या साहेबांनी आधी पिशवीवाल्यालाच नोटीस काढली होती, ती गोष्ट वेगळी.

उचलण्याचे नियम ऐकायला साधे आहेत, पण रोज मोडले जातात. चारी लूप लावायचे, दोनवर भागवायचं नाही. लूप सरळ उभे राहायला हवेत, आत ओढलेले नकोत. फोर्कलिफ्टचे काटे धारदार असतील तर त्यांवर नळी चढवायची. पिशवी जमिनीवरून फरफटत न्यायची नाही. भरलेली पिशवी तिच्या तळाच्या रुंदीच्या दुपटीहून उंच नको, नाहीतर ती डुलते आणि लवंडते. थप्पी लावायची तर पायऱ्या-पायऱ्यांनी, वरची एक पिशवी खालच्या चार पिशव्यांच्या मध्यावर बसेल अशी. खालचा स्पाउट सोडताना पिशवीला आधाराचा सांगाडा हवा. हायड्रा क्रेनला टांगलेल्या पिशवीखाली हात घालून दोरी सोडणारा माणूस मला दिसला की माझा आवाज आपोआप चढायचा.

कंटेनर भरायचं गणितही मजेचं आहे. वीस फुटी कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर. एक मीटर दहा सेंटिमीटरच्या दोन पिशव्या शेजारी-शेजारी बसतात, लांबीत पाच. खाली दहा, वर दहा, झाला वीस टनांचा हिशेब. पण साधी पिशवी भरली की पोट काढते, गोल होते, आणि मग दुसरी रांग दाराजवळ आत जाईना म्हणून सगळे तिला खांद्यानं रेटू लागतात. म्हणून आतल्या कोपऱ्यांत कापडाचे आडवे पडदे शिवलेली पिशवी निघाली. ती भरल्यावरही चौकोनी राहते. किंमत जास्त, पण निर्यातीत ती फेडून देते. आमच्या खरेदी विभागाला हे पटवायला मला दर वर्षी नव्यानं भांडावं लागे.

आता कमी दिसणारा, पण सर्वात मोठा धोका. कोरडी पावडर प्लास्टिकवरून घसरत खाली पडते तेव्हा स्थिर वीज तयार होते. हिवाळ्यात स्वेटर काढताना चुरचुरतं तीच. रसायनाची बारीक धूळ हवेत असेल, किंवा खाली रिॲक्टरमध्ये सॉल्व्हंटची वाफ असेल, तर त्या ठिणगीनं भडका उडू शकतो. म्हणून जंबोचे चार प्रकार केले आहेत. ए म्हणजे साधी, कसलंही संरक्षण नसलेली. बी मध्ये कापड असं असतं की जोरदार ठिणगी तयार होत नाही. ज्वलनशील धुळीपुरतं तिचं चालतं, पण वाफ असेल तिथे नाही. सी मध्ये वाहक धागे विणलेले असतात आणि ते जमिनीशी तारेनं जोडावेच लागतात. डी मध्ये खास धागे असतात, ते वीज हळूहळू हवेत सोडून देतात, तार लागत नाही. यात सर्वात घातक काय, तर तार न जोडलेली सी. वाहक धाग्यांवर सगळा भार साठतो आणि एकाच ठिणगीत सुटतो. त्या तारेचा चिमटा खिशात ठेवून सी प्रकारची पिशवी रिकामी करणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. त्यापेक्षा तिथे सी आणलीच नसती तर बरं, असं वाटायचं.

धूळ म्हणजे फक्त रसायनाचीच असं समजू नका. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी स्फोट झाला, चौदा माणसं गेली. पेटली होती ती साखरेची बारीक धूळ. ती घटना काही जंबोची नव्हे, पण साखर भरण्याच्या जागेबद्दल आपल्या साखरपट्ट्यानं ध्यानात ठेवावी अशी आहे.

आणि बैरुत. ४ ऑगस्ट २०२० ला तिथल्या बंदरात २,७५० टन म्हणून नोंदलेल्या साठ्यातलं अमोनियम नायट्रेट फुटलं, दोनशेहून अधिक लोक मेले. ते टनाटनाच्या जंबो बॅगांत होतं. वर्षानुवर्षं गोदामात पडून, कित्येक पिशव्या फाटून आतला माल सांडलेला. त्या गोदामाचे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले, कारण दृश्य ओळखीचं होतं. मी गोदाम सांभाळलं आहे. पिशव्यांवर नाव लिहिलेलं होतं. आत काय आहे हे बंदराला माहीत होतं. दोष पिशवीला देता येत नाही, पण पिशवीत घातलं आणि थप्पी लावली म्हणजे प्रश्न मिटला, असं जे वाटतं ना, ते या पिशवीमुळे फार सोपं होतं.

निवृत्तीनंतर मी सांगली जिल्ह्यातल्या माझ्या गावी बराच काळ असते. धाकट्या भावाचा गोठा आहे. गेल्या काही वर्षांत दुधवाल्या शेतकऱ्यांत मुरघासानं चांगलंच बस्तान बसवलं आहे. मका चिकात आला की कापायचा, कुट्टी करायची, बॅगेत थर देत पायानं तुडवत भरायची आणि लायनरचं तोंड हवा काढून घट्ट बांधायचं. हवा नसली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातली साखर आंबवतात, आंबटपणा वाढतो आणि चारा कुजत नाही. दीड महिन्यात मुरघास तयार. खड्डा खणायचा खर्च नाही, दोन गाईंच्या माणसालाही परवडतं. जंबो बॅगेचा इतका चांगला उपयोग कारखान्यातही मी पाहिला नव्हता.

फक्त बॅग कुठली? बाजारात नवी बॅग लायनरसह मिळते, आणि शेजारीच वापरलेली निम्म्याहून कमी दरात. भावानं एकदा अशा दहा-बारा आणल्या. मी लेबलं पाहिली. दोन्ही बाजूंनी कापलेली! कापतात ते उगाच नव्हे. त्या पिशवीत आधी काय होतं हे कुणाला कळू नये म्हणून कापतात. एका पिशवीच्या शिवणीत पिवळट पूड अडकलेली होती. ती रंगाची होती की कीटकनाशकाची, मला नुसतं बघून सांगता येईना आणि ज्या गोष्टीला मला नाव देता येत नाही ती गाईच्या तोंडात मी जाऊ देणार नाही. “ताई, धुऊन घेतो की,” भाऊ म्हणाला. विणलेल्या कापडाच्या घड्यांत आणि शिवणीच्या दोऱ्यांत बसलेली पूड धुऊन जात नाही. आतलं लायनर नवं घातलं तरी तुडवताना ते कुठे फाटलं हे बाहेरून दिसत नाही. त्या पिशव्या आम्ही शेणखत भरायलाही घेतल्या नाहीत, परत केल्या. पैसे मात्र अर्धेच मिळाले.

जुनी पिशवी उन्हात पडून राहिली की तिचे पापुद्रे सुटतात आणि वाऱ्यानं शेतभर होतात. ते गोळा करता येत नाहीत. पॉलिप्रॉपिलीन पुन्हा वितळवून वापरता येतं, पण लायनर पॉलिथिनचं, ते आधी वेगळं काढावं लागतं आणि पिशवी फुटायच्या आत भंगारात जायला हवी. आमच्या गावचा भंगारवाला स्वच्छ पिशवी घेतो, चिखलाची घेत नाही. त्याचंही बरोबर आहे.

तेव्हा मुरघास करणाऱ्यांना, वाळू-खडी मागवणाऱ्यांना, गच्चीवर माती चढवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. लेबल नसलेली जंबो विकत घेऊ नका. चारा, धान्य, खाण्याची कुठलीही वस्तू भरायची असेल तर नवीच घ्या आणि लायनर सोबत मागून घ्या. ५:१ लिहिलेली पिशवी एकदा रिकामी झाली की तिच्यात पालापाचोळा भरा, बाटल्या भरा, पण तिला पुन्हा क्रेनला लावू नका. रिकाम्या पिशव्या सावलीत ठेवा. आणि टांगलेल्या पिशवीखाली पोरांना खेळू देऊ नका, तुम्हीही उभे राहू नका.